वाफेच्या मास्कमधून जनुकाचा इलाज : श्वासाची वाट एवढी अवघड का?

दम्याचं किंवा बाळदम्याचं मूल असलेल्या घरात नेब्युलायझर आता नवीन राहिलेला नाही. लहानसं यंत्र, त्याला एक नळी, नळीच्या टोकाला मास्क. औषधाची कुपी ओतली, बटण दाबलं की धुक्यासारखी वाफ येते. मूल पाच-दहा मिनिटं श्वास घेतं आणि छाती मोकळी होते. औषध जिथं हवं तिथंच गेलं. ना सुई, ना सलाईन.

मग साहजिकच एक प्रश्न पडतो. आज जनुकांचा इलाज, म्हणजे जीन थेरपी, ठिकठिकाणी होतेय म्हणे. फुफ्फुसाचा जो आजार जनुकातल्या दोषामुळे होतो, त्याचं चांगलं जनुक याच मास्कमधून, याच वाफेतून का देत नाहीत? श्वास घेतला की काम झालं!

हा प्रश्न बाळबोध नाही. जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी तो तीस वर्षांपूर्वीच विचारला आणि तेव्हापासून ते याच वाटेवर चालत आहेत. वाट अजून संपलेली नाही. ती का संपली नाही, आतापर्यंत हाती काय लागलं, आणि आपल्या घरांसाठी त्याचा अर्थ काय, हे आम्ही या लेखात सोप्या भाषेत मांडणार आहोत. कारण "जीन थेरपीनं मुळापासून बरं करतो" असे मेसेज मोबाईलवर फिरायला लागले की सर्वांत आधी फसतात ते आजारी मुलाचे आईवडील.

आजार कोणता?

श्वासावाटे जनुक देण्याचे सर्वांत जास्त प्रयत्न ज्या आजारासाठी झाले, त्याचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. मराठीत त्याला रुळलेलं नाव नाही, म्हणून हेच नाव वापरू.

आपल्या शरीरात श्वासनलिका, स्वादुपिंड, आतडी, घामाच्या ग्रंथी अशा ठिकाणच्या पेशींवर एक बारीकसं दार असतं. मिठातला क्लोराईड हा घटक या दारातून ये-जा करतो आणि मिठाच्या मागोमाग पाणी जातं. त्यामुळे श्वासनलिकेच्या आतला पातळ ओलसर थर टिकून राहतो. हे दार ज्या जनुकाच्या नकाशावरून बनतं त्याचं नाव सीएफटीआर. नकाशात चूक असेल तर दार बनत नाही, किंवा बनलं तरी उघडत नाही. मग पाणी कमी पडतं, कफ डिंकासारखा घट्ट होतो, त्यात जंतू घर करतात. पुन्हा पुन्हा न्युमोनिया होतो आणि हळूहळू फुफ्फुस निकामी होत जातं. स्वादुपिंडाची नळी तुंबते, म्हणून अन्न पचत नाही. मूल खातं खूप, पण अंगी लागत नाही.

१९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. पुढे १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. गलितगात्र होऊन दवाखान्यात येणाऱ्या मुलांमध्ये या आजाराची मुलं जास्त दिसली. त्यावरून डॉ. पॉल दि सांताग्नीझ यांनी शोधून काढलं की या मुलांच्या घामात मीठ नेहमीपेक्षा कितीतरी जास्त असतं. १९५३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आजही या आजाराचं निदान मुख्यतः घामाच्या तपासणीवरच होतं.

मूळ जनुक सापडलं १९८९ मध्ये. लॅप-ची त्सुई, जॉन रिऑर्डन आणि फ्रान्सिस कॉलिन्स या तिघांच्या गटांनी ते सातव्या गुणसूत्रावर शोधलं. युरोपात सर्वाधिक आढळणाऱ्या दोषात या जनुकातली फक्त तीन अक्षरं गळालेली असतात. वर्गात आम्ही मुलांना सांगतो की शब्दातला एक काना चुकला तर अर्थ बदलतो. इथं तीन अक्षरं गळाली तर आयुष्य बदलतं.

दोष आईचा नाही

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण आपल्या घरांत तिचा फार त्रास होतो. मूल सतत आजारी असलं की बोट सुनेकडे वळतं. "हिच्या माहेरचंच काहीतरी असेल", "गरोदरपणात पथ्य पाळलं नाही", "नजर लागली". यातलं काहीच खरं नाही.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. सिस्टिक फायब्रोसिस तेव्हाच होतो जेव्हा दोन्ही प्रती सदोष असतात. म्हणजे दोष दोघांकडूनही आलेला असतो, आणि दोघेही स्वतः ठणठणीत असतात. कारण त्यांच्याकडे एक चांगली प्रत असते आणि ती काम भागवते. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भधारणेत मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पहिलं मूल आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुखरूप, असा हिशेब चालत नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्यानं टाकली जाते.

याच ठिकाणी जवळच्या नात्यातल्या लग्नाचा मुद्दा येतो. चुलत, मावस, मामे, आते भावंडांचे आजी-आजोबा एकच असतात. आजोबांकडे एक सदोष प्रत असेल तर ती दोन फांद्यांतून खाली येऊन नातवंडांच्या लग्नात पुन्हा एकत्र येऊ शकते. म्हणून अशा घरांत या जातीचे आजार थोडे जास्त दिसतात. हे केवळ मुसलमानांपुरतं नाही. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न अनेक समाजांत होतं. आपल्या धर्मात अशा लग्नाची परवानगी आहे, सक्ती नाही. ज्या खानदानात एखादं मूल अशा आजारानं गेलेलं किंवा आजारी आहे, तिथं आणखी एक नातं जुळवण्याआधी जनुकतज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घेणं हा शहाणपणा आहे. त्यात कोणाची बदनामी नाही.

जनुकाचा इलाज म्हणजे नेमकं काय?

नकाशा चुकला असेल तर नकाशाची बरोबर प्रत पेशीपर्यंत पोहोचवायची, ही साधी कल्पना. पेशीनं ती वाचली की चांगलं दार बनायला लागेल. अडचण इतकीच की जनुक म्हणजे लांबलचक धागा. तो नुसता टाकला तर वाटेतच तुटतो, आणि पेशीही त्याला आत घेत नाही. म्हणून त्याला वाहन लागतं.

जनुकाच्या इलाजाची दोन उदाहरणं आपल्याकडे बऱ्याच जणांना ऐकून माहीत आहेत. एक मुंबईचं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल रुग्णालय यांच्या कामातून तयार झालेल्या 'नेक्सकार १९' या रक्ताच्या कर्करोगावरील उपचाराला २०२३ मध्ये भारतात परवानगी मिळाली. यात रुग्णाच्या रक्तातल्या पेशी बाहेर काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात नवं जनुक घालतात आणि त्या परत शरीरात सोडतात. दुसरं उदाहरण त्या सोळा कोटींच्या इंजेक्शनचं. काही वर्षांपूर्वी मुंबई-पुण्याच्या लहानग्यांसाठी लोकांनी त्याची वर्गणी गोळा केली होती. तो आजार स्नायूंच्या मज्जातंतूंचा. त्यात जनुक एका निरुपद्रवी विषाणूत भरून शिरेतून देतात.

मग फुफ्फुसासाठी यातला एखादा मार्ग का नाही? पहिला चालत नाही, कारण रक्त बाहेर काढता येतं, फुफ्फुस काढून, दुरुस्त करून परत बसवता येत नाही. दुसऱ्यात मोठी अडचण आहे. शिरेतून दिलेल्या विषाणूंचा मोठा वाटा यकृतातच अडकतो, आणि श्वासनलिकेच्या आतल्या बाजूच्या पेशींपर्यंत फार थोडे पोहोचतात. उरला श्वास. तिथं बाहेरची हवा आणि आजारी पेशी यांच्यामध्ये भिंत नाही. वाट सर्वांत जवळची तीच.

फुफ्फुस हा किल्ला आहे

पण जवळची वाट सोपी असतेच असं नाही. विचार करा, आपण दिवसभर काय काय हुंगतो. रस्त्यावरची धूळ, चुलीचा धूर, परागकण, कुणाच्या शिंकेतले जंतू. हे सगळं आत जाऊन पेशींत शिरायला लागलं तर माणूस एक आठवडा जगणार नाही. फुफ्फुसाची घडणच अशी आहे की बाहेरून आलेलं काही पेशीत शिरू नये. जनुकाचं औषध त्याच दारातून येतं, आणि ते दवा घेऊन आलंय हे पहारेकऱ्यांना कसं कळणार?

पहिला पहारा वाटेचा. श्वासनलिका एकीच्या दोन, दोनाच्या चार अशी साधारण तेवीस वेळा फुटत जाते. झाडाच्या फांद्या उलट्या धराव्यात तशी. वाफेचा थेंब मोठा असेल तर तो घशातच आपटतो आणि गिळला जातो. फारच लहान असेल तर श्वासाबरोबर परत बाहेर पडतो. थेंब साधारण एक ते पाच मायक्रॉनचा असावा लागतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

दुसरा पहारा कफाचा. निरोगी माणसाच्या श्वासनलिकेतही कफाचा पातळ थर असतो. त्याखालच्या पेशींवर सूक्ष्म केस असतात, आणि ते सेकंदाला दहापेक्षा जास्त वेळा हलून कफ वरच्या दिशेनं ढकलत राहतात. सरकता जिनाच म्हणा. औषधाचा कण त्यावर पडला की जिना त्याला घशाकडे घेऊन निघाला. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये तर कफच डिंकासारखा. कण त्यात रुततो आणि खालच्या पेशीपर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे ज्याला औषधाची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच फुफ्फुसात औषधाची वाट सर्वांत बंद.

तिसरा पहारा शिपायांचा. बाहेरचा कण दिसला की गिळून टाकणाऱ्या पेशी तिथं गस्त घालत असतात.

आणि चौथा पहारा स्वतः पेशीचा. जनुक वाहून न्यायला ज्या विषाणूंचा पहिल्यांदा विचार झाला, त्यांना पेशीत शिरण्यासाठी एक कडी लागते. श्वासनलिकेच्या पेशींवर ती कडी हवेच्या बाजूला नसतेच, खालच्या बाजूला, शरीराकडे तोंड करून असते. पाहुणा पुढच्या दारात उभा, आणि बेल मागच्या अंगणात.

तीस वर्षांची धडपड

जनुक सापडलं १९८९ मध्ये, आणि लोकांना वाटलं इलाज आता चार-पाच वर्षांवर आला. १९९३ मध्ये अमेरिकेत सर्दी आणणाऱ्या अॅडेनो जातीच्या विषाणूत चांगलं सीएफटीआर जनुक भरून रुग्णांवर पहिले प्रयोग झाले. काहींच्या नाकात थेंब दिले, काहींच्या फुफ्फुसात दुर्बिणीच्या नळीतून औषध सोडलं. मोठा डोस मिळालेल्या एका रुग्णाला ताप आला आणि फुफ्फुसाला सूज आली. तो रुग्ण बरा झाला, पण इशारा मिळाला. शिवाय शरीर विषाणूला ओळखून ठेवतं. दुसऱ्यांदा दिलं की प्रतिकारशक्ती त्याला वाटेतच गाठते.

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जेसी गेलसिंगर या १८ वर्षांच्या तरुणाचा जनुकोपचाराच्या प्रयोगात मृत्यू झाला. त्याचा आजार यकृताचा होता, पण वाहन त्याच अॅडेनो जातीचं होतं. सगळ्या जगात या शाखेची गती त्यानंतर मंदावली आणि सुरक्षिततेचे नियम कडक झाले.

मग अधिक सौम्य विषाणू आला, त्याला संक्षेपानं एएव्ही म्हणतात. सोळा कोटींच्या इंजेक्शनमध्ये याच कुळातला विषाणू असतो. पण तो आकारानं लहान. त्याच्या डब्यात साधारण ४,७०० अक्षरं मावतात, आणि सीएफटीआरच्या कामाच्या मजकुराचीच लांबी ४,४०० च्या आसपास. वर "इथून वाचायला सुरुवात करा" अशी सूचना देणारा तुकडाही हवा. म्हणजे बॅग भरली, पण चेन लागेना. तरीही तो नेब्युलायझरमधून देऊन पाहिला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शंभराहून जास्त रुग्ण होते. औषध सुरक्षित ठरलं, पण फुफ्फुसाची ताकद वाढली नाही.

तिसरं वाहन म्हणजे चरबीचे सूक्ष्म बुडबुडे. यात विषाणू नाहीच. जनुकाचं वर्तुळ चरबीच्या कणात गुंडाळायचं आणि वाफेतून द्यायचं. पेशीचं आवरणही चरबीचंच असल्यानं कण तिला चिकटून आत जाऊ शकतो. विषाणू नसल्यामुळे तो पुन्हा पुन्हा देता येतो, आणि ते गरजेचंच आहे. कारण श्वासनलिकेच्या पेशी कायमच्या नसतात. जुन्या झडतात, नव्या येतात, आणि नव्यांमध्ये जुनाच दोष असतो.

इथंही एक गाठ होती. नेब्युलायझर द्रवाला फोडून त्याची वाफ करतो. साध्या औषधाला त्याचं काही वाटत नाही, पण जनुकाचा लांब धागा त्या ताणानं तुटू शकतो. म्हणून यंत्र कोणतं, चरबी कोणती, धागा किती मोठा, हे सगळं एकमेकांना जुळवून घ्यावं लागलं. घरचा नेब्युलायझर काढला आणि जनुक ओतलं, असं होत नाही.

१२ महिने, ३.७ टक्के

आता या वाटेवरचा सर्वांत महत्त्वाचा टप्पा. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लंडनचं इम्पीरियल कॉलेज, ऑक्सफर्ड आणि एडिनबरा इथल्या संशोधकांनी एकत्र येऊन गट बनवला. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेनं त्यासाठी लोकांकडून निधी उभा केला. प्रा. एरिक ऑल्टन यांच्या नेतृत्वाखाली या गटानं जनुकाच्या धाग्यातला शरीराला चिथावणारा भाग काढून टाकला आणि योग्य चरबी निवडली.

२०१२ मध्ये चाचणी सुरू झाली. १२ वर्षांपुढचे १४० रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. ७८ जणांना जनुकाची वाफ, ६२ जणांना फक्त मिठाच्या पाण्याची. महिन्यातून एकदा, वर्षभर. कोणाला काय मिळतंय हे रुग्णाला माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. हा आडपडदा गरजेचा असतो, कारण उमेदीनंही माणसाला बरं वाटतं, आणि औषधाचं मोजमाप करताना उमेद बाजूला ठेवावी लागते.

मोजलं काय? सगळा दम एकवटून फुंकर मारली तर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, ते. निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरेसे डोस घेतलेल्या ११६ जणांचा हिशेब केला, तेव्हा वर्षाअखेरीस दोन गटांत ३.७ टक्क्यांचा फरक निघाला.

हा आकडा नीट समजून घ्या. जनुक मिळालेल्यांची ताकद ३.७ टक्क्यांनी वाढली असा त्याचा अर्थ नाही. मिठाचं पाणी मिळालेल्यांची ताकद वर्षभरात सुमारे चार टक्क्यांनी घसरली, आणि जनुक मिळालेल्यांची जवळजवळ होती तिथंच राहिली. म्हणजे घसरण थांबली. जिना चढता आला नाही, पण पाय निसटला नाही.

काहींना हे अपयश वाटलं. आम्हाला तसं वाटत नाही. या आजारात वर्षानुवर्षं थोडं थोडं घसरणं हेच तर मरण असतं. श्वासावाटे, पुन्हा पुन्हा, सुरक्षितपणे जनुक देता येतं आणि त्याचा मोजता येईल असा फायदा होतो, हे पहिल्यांदाच पक्कं झालं. पण संशोधकांनी स्वतःच प्रामाणिकपणे सांगितलं की फायदा माफक आहे, आणि एवढ्यावर हे औषध रोजच्या वापरात आणता येणार नाही. अभ्यास प्रामाणिक आहे की जाहिरात, हे ओळखायची खूण हीच.

मधल्या काळात गोळ्या आल्या

दरम्यान दुसरीकडून मोठी मदत आली. २०१२ मध्ये आयव्हाकॅफ्टर ही गोळी आली आणि २०१९ मध्ये तीन औषधांची एकत्र गोळी. या गोळ्या जनुक बदलत नाहीत. वाकडं बनलेलं दार सरळ करायला आणि उघडायला मदत करतात. अमेरिका-युरोपात त्यांनी हजारो मुलांचं आयुष्य पालटलं.

मग जनुकाची वाफ कशाला? दोन कारणं आहेत. एक म्हणजे किंमत. अमेरिकेत तीन औषधांच्या गोळीचा वर्षाचा खर्च २०१९ मध्ये सुमारे तीन लाख डॉलर होता. दुसरं कारण जास्त खोल आहे. दारच बनत नसेल तर गोळी सरळ काय करणार? सीएफटीआरमध्ये दोन हजारांहून जास्त प्रकारचे बदल सापडले आहेत, आणि काहींवर गोळी चालत नाही. पश्चिमेत असे रुग्ण दहात एकाच्या आसपास. पण तीन अक्षरं गळाल्याचा जो दोष तिकडे सर्रास दिसतो आणि ज्यावर गोळी उत्तम चालते, तो भारतीय रुग्णांत कमी आढळतो. आपल्याकडे दोषांचे प्रकार वेगवेगळे आहेत.

म्हणूनच जनुकाची वाफ आपल्यासाठी महत्त्वाची आहे. ती जुन्या नकाशातली चूक कुठं आहे हे विचारत नाही, सरळ नवा नकाशा देते. ब्रिटनच्या त्या चाचणीतही कोणत्याही प्रकारचा दोष असलेले रुग्ण घेतले होते. लंडनच्या गोऱ्या मुलाला आणि औरंगाबाद किंवा मालेगावच्या मुलाला एकच औषध चालेल, ही शक्यता या वाटेवर आहे.

आज काम कुठवर आलंय?

त्याच ब्रिटिश गटानं पुढे नवं वाहन बनवलं. एका जातीचा विषाणू घेऊन त्याच्यावर सेंडाई नावाच्या, उंदरांच्या श्वसनमार्गात राहणाऱ्या विषाणूचं आवरण चढवलं. हा सेंडाई हवेच्या बाजूनंच पेशीत शिरतो. म्हणजे पुढच्या दाराची बेल सापडली! हे जनुक पेशीच्या मूळ ग्रंथात जाऊन बसतं, त्यामुळे परिणाम जास्त काळ टिकण्याची आशा आहे. आणि त्याच कारणानं, ते चुकीच्या पानावर तर बसत नाही ना, यावर दीर्घकाळ नजर ठेवावी लागेल. बोरिंगर इंगेलहाइम या जर्मन कंपनीबरोबर २०२४ मध्ये याची माणसांवरील पहिली चाचणी सुरू झाली.

दुसरा मार्ग एमआरएनएचा. कोविडच्या काही लसींमुळे हे नाव घरोघरी पोहोचलं. यात मूळ नकाशा द्यायचा नाही, फक्त कामापुरती चिठ्ठी द्यायची. पेशी ती वाचते, दार बनवते आणि चिठ्ठी विरघळून जाते, म्हणून डोस वरचेवर लागतो. अशा वाफेच्या एका चाचणीचे २०२१ मध्ये जाहीर झालेले आकडे निराशाजनक होते. फुफ्फुसाची ताकद वाढली नाही. तरी नवे प्रयत्न सुरू आहेत.

घरात विचारला जाणारा एक प्रश्न इथंच घेऊ. अशा इलाजानं माणसाची पुढची पिढी बदलते का? नाही. वाफेतून गेलेलं जनुक श्वासनलिकेच्या पेशींसाठी असतं. ते मुलाबाळांत उतरावं अशी त्याची रचनाच नाही. हा आजाऱ्याचा इलाज आहे, वंश घडवण्याचा उद्योग नाही.

आपल्या घरांनी काय करावं?

सरळ सांगतो. श्वासावाटे दिला जाणारा फुफ्फुसाचा कोणताही जनुकोपचार आजमितीला जगात कुठंही विक्रीसाठी मंजूर झालेला नाही. जे आहे ते चाचण्यांमध्ये आहे, आणि खऱ्या चाचणीत औषधासाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. कोणी "परदेशी जीन थेरपीची वाफ" देतो म्हणून लाखो रुपये मागत असेल तर जमीन विकू नका, सोनं मोडू नका. त्याच्याकडे औषध नाही.

पण हातावर हात ठेवून बसायचंही कारण नाही. आपल्याकडचा मोठा घोटाळा असा की हा आजार ओळखलाच जात नाही. कधी दमा, कधी नुसता अशक्तपणा आणि कधी टीबी समजून वर्षं निघून जातात. म्हणून या खुणा लक्षात ठेवा:

- लहानपणापासून पुन्हा पुन्हा न्युमोनिया, न थांबणारा ओला खोकला.
- भूक चांगली, पण वजन वाढत नाही. शी तेलकट, चिकट आणि फार दुर्गंधीची.
- मुका घेतला तर कातडी खारट लागते, कपाळावर मिठाचे कण सुकलेले दिसतात.
- उन्हाळ्यात मूल अचानक गळून जातं.
- त्याच घरात एखादं भावंडं लहानपणी छातीच्या आजारानं गेलेलं आहे.

यातल्या दोन-तीन गोष्टी जुळत असतील तर बालरोगतज्ज्ञांना थेट विचारा, "डॉक्टरसाहेब, घामाची क्लोराईड तपासणी करायची का?" ही तपासणी साधी आहे. हातावर थोडं औषध लावून अगदी सौम्य विजेनं घाम आणतात आणि तो गोळा करतात. क्लोराईडचं प्रमाण ६० किंवा त्याहून जास्त आलं तर आजाराची शक्यता मोठी, मग जनुकाची तपासणी करतात. टीबीची औषधं चालू असतील तर ती मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका. आधी डॉक्टर, मग निर्णय.

निदान झालं तर आजच्या घडीला जे उपाय हाती आहेत ते छोटे नाहीत. रोज छातीचा कफ सुटा करण्याचा व्यायाम, मिठाच्या पाण्याची वाफ, पचनाची एन्झाइम औषधं, भरपूर उष्मांकाचं जेवण, उन्हाळ्यात जादा मीठ-पाणी, वेळेवर प्रतिजैविकं. युरोप-अमेरिकेत नव्या गोळ्या येण्याच्या कितीतरी आधी याच उपायांनी मुलांचं आयुष्य दशकांनी वाढवलं. केंद्र सरकारचं २०२१ चं राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण आहे, आणि त्याखालच्या मान्य केंद्रांपैकी एक मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. तिथं कोणत्या आजाराला काय मदत मिळू शकते, याची चौकशी जरूर करा.

घरात विडी-सिगारेट ओढणाऱ्या मंडळींनाही दोन शब्द. ज्या फुफ्फुसात एक चांगलं जनुक पोहोचवण्यासाठी जगभरातले लोक तीस वर्षं खपत आहेत, त्याच फुफ्फुसात आपण रोज फुकट धूर सोडतो. मूल आजारी असो वा नसो, हे बंद व्हायलाच हवं.

जनुकाची वाफ एक दिवस येईल, अशी उमेद आम्हाला आहे. इन्शाअल्लाह येईल. पण ती येईल तेव्हा तिचा फायदा त्याच मुलाला होईल, ज्याचा आजार वेळेवर ओळखला गेला आणि ज्याचं फुफ्फुस तोवर राखलं गेलं. पूर्ण नासलेल्या फुफ्फुसात कोणतंही जनुक जीव ओतू शकत नाही. शास्त्रज्ञ त्यांचं काम करत आहेत. आपलं काम घामाच्या त्या साध्या तपासणीपासून सुरू होतं, आणि त्यासाठी आणखी तीस वर्षं थांबायची गरज नाही.